देवा, मी मजेत नाहीये

ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी ‘कसं चाललंय?’ विचारलं की आपण काय सांगतो? ‘मजेत!’ रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर जागलेलो असू, घरमालकानं महिन्याभरात फ्लॅट सोडायला सांगितलेलं असेल, तरी उत्तर तेच. त्यात वाईट काही नाही. लिफ्ट चार मजले चढेपर्यंत आपलं रडगाणं ऐकायला कुणाला वेळ आहे? पण हेच ‘मजेत’ आपण देवालाही सांगायला लागलो तर?

मी मराठी ख्रिस्ती घरातली. माहेर शिरूरचं. जुनी माणसं त्याला अजून घोडनदी म्हणतात. आत्या दौंडची, रेल्वे क्वार्टर्सजवळ राहणारी. (‘ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता हो!’ हे वाक्य मला प्रत्येक नव्या नोकरीत एकदा तरी ऐकावं लागतं. अहो, आमच्या घरात दुसरी भाषा आहेच कुठे?) शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं. आमच्या आजीला ओव्या, अभंग, कीर्तन सगळं यायचं, फक्त त्यातला देव येशू असायचा.

तर, आमच्याकडे प्रार्थनेची एक खास भाषा असते. एरवी ‘अगं चहा टाक ना’ म्हणणारे बाबा डोळे मिटले की एकदम ‘हे परमदयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या’ असं सुरू करतात. आधी स्तुती, मग आभार, मग विनंत्या. त्यात आजारी माणसं, परीक्षेला बसलेली मुलं, प्रवासात असलेले, सरकार, पाऊस. शेवटी येशूच्या नावानं आमेन. तोवर पोळ्या गार. नोकरीला लागल्यावर क्लायंटला मेल कसा लिहायचा याचं ट्रेनिंग झालं, तेव्हा मला मुळीच जड गेलं नाही. आधी अभिवादन, मग आभार, मग नम्रपणे मुद्दा, मग पुन्हा आभार. हा फॉरमॅट मी पाचव्या वर्षापासून पाठ केला होता!

या फॉरमॅटची मी चेष्टा करतेय असं समजू नका. शब्द सुचत नसतात तेव्हा ठरलेले शब्दच माणसाला धरून ठेवतात. अडचण अशी की या फॉरमॅटमध्ये तक्रारीचा रकाना नाही. आमच्या ‘साक्षी’ बघा. चर्चमध्ये उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, ती साक्ष. आणि साक्ष नेहमी भूतकाळात असते. मी आजारी होते, आता बरी आहे. नोकरी गेली होती, आता त्याहून चांगली मिळाली. ‘मी अजून आजारीच आहे आणि पुढे काय होणार मला माहीत नाही’ अशी साक्ष मी आजवर ऐकलेली नाही.

२०२१च्या एप्रिलमध्ये आत्याचे यजमान, आमचे काका, कोरोनानं आजारी पडले. मालगाडीचे रिटायर्ड गार्ड. आयुष्यभर शेवटच्या डब्यातून लाल-हिरवा झेंडा दाखवलेला माणूस. त्या दिवसांत ऑक्सिजनचा बेड मिळणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बेड मिळाला. चर्चनं साखळी प्रार्थना लावली. म्हणजे चोवीस तासांचे चोवीस भाग करायचे, प्रत्येकानं आपापल्या घरी एकेक तास प्रार्थना करायची. माझा तास पहाटे तीन ते चार. मोबाइलवर अलार्म लावून मी उठायचे, अकरा दिवस. अकराव्या दिवशी दुपारी काका गेले. दफनाला चौघांनाच परवानगी होती, आणि त्या चौघांचे चेहरे मास्क, शील्डमुळे ओळखू येत नव्हते.

ऑगस्टमध्ये, निर्बंध सैल झाल्यावर, आत्याच्या घरी पहिली घरप्रार्थना झाली. पंधरा-सोळा माणसं, सतरंजी, बाहेर भुरभुर पाऊस. गोलात बसून एकेकानं प्रार्थना करायची. सगळ्यांनी आभार मानले. काकांच्या आयुष्याबद्दल आभार, देवाच्या योजनेबद्दल आभार, त्यांना त्रासातून सोडवल्याबद्दल आभार. मीही तसंच काहीसं पुटपुटले. मग आत्याची पाळी आली.

आत्या म्हणाली, “देवा, आम्ही अकरा दिवस मागितलं. तू दिलं नाहीस. मला तुझा राग आलाय. अजून बोलायचंय, पण आज नको. आमेन.”

पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मग कुणीतरी घाईघाईनं गाणं सुरू केलं, जेवणात केस निघाल्यावर यजमानीण विषय बदलते ना, तसं. नंतर स्वयंपाकघरात एक बाई आत्याला हळूच म्हणाल्या, “ताई, असं बोलू नये. विश्वासानं बोलावं.” आत्या कप विसळत होती. म्हणाली, “विश्वास नसता तर बोलले कुणाशी असते?”

बाहेर पाळकसाहेबांनी आत्याचंच पवित्र शास्त्र मागून घेतलं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यातली कितीतरी सरळसरळ विलाप आहेत. पण बहुतेकांचा शेवट कुठेतरी आशेकडे वळतो. हे मात्र वळत नाही. रात्रंदिवस हाक मारणारा माणूस देवाला विचारतो, तू तोंड का लपवतोस, माझे जिवलग माझ्यापासून का तोडलेस, आणि शेवटी अंधारातच थांबतो. ‘तरीपण’ नाही, ‘धन्यवाद’ नाही. पाळकसाहेब एवढंच म्हणाले, “कुणीतरी हे देवाला म्हणालं आणि ते शास्त्रात ठेवलं गेलं. ठेवणाऱ्यांना काढून टाकता आलं असतं.” मग त्यांनी चहा घेतला आणि ते पाटसच्या एका घरी पुढच्या प्रार्थनेला गेले. उपदेश नाही, काही नाही. पाळकांवर टीका करायची आमच्यात फार हौस, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

त्यानंतर मी पुण्याला परत येऊन बायबल जरा वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. लहानपणी शब्बाथ शाळेत शिकवलेल्या त्याच गोष्टी, पण आता दिसलं की यातली मंडळी देवाशी फारच फटकळ आहेत. यिर्मया देवाला तोंडावर सांगतो की तू मला फसवलंस. ईयोबाचं प्रकरण तर कमाल आहे. त्याचं सगळं गेलं, मुलं गेली. तीन मित्र येतात आणि देवाची बाजू मांडतात, व्यवस्थित, मुद्देसूद, जणू प्रेझेंटेशनच. ईयोब चिडतो, देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव काय म्हणतो? माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, हे तिघे नाही! देवाचे वकील हरतात, फिर्यादी जिंकतो.

खुद्द येशूचं घ्या. गेथशेमाने बागेतली त्याची प्रार्थना आम्ही सगळे उठताबसता सांगतो, पण फक्त उत्तरार्ध, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’वाला. त्याआधी त्यानं हे दुःख टळू दे असं स्पष्ट मागितलं होतं, एकदा नाही, पुन्हापुन्हा. आधी स्वतःची इच्छा सांगितली, मग सोडली. आम्ही इच्छा सांगतच नाही, थेट सोडून मोकळे होतो. जी गोष्ट हातात घेतलीच नाही ती सोडणार कशी, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय.

शिरूरहून आत्याकडे जायचं तर आमचा ठरलेला रस्ता न्हावरे, चौफुला असा. चौफुल्याला बाबा गाडीची काच वर करायचे, कारण तिथली कलाकेंद्रं आणि लावणीचे बोर्ड. त्याच रस्त्यावर केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आमच्यासाठी ते शाळेच्या सहलीचं ठिकाण. रमाबाई म्हणजे पुस्तकातला पांढऱ्या साडीतला फोटो आणि पाच मार्कांची टीप.

गेल्या दोन वर्षांत मी त्यांची पत्रं वाचली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ मध्ये छापलेली, इंग्रजीत आहेत. वाचून मी थक्क झाले. १८८३ मध्ये पंचविशीत, कडेवर लहान मुलगी, नवरा गेलेला, इंग्लंडमध्ये वाँटेजच्या जोगिणींच्या आश्रयानं राहणारी ही बाई. सप्टेंबरात तिथेच बाप्तिस्मा घेतला. आता कुणाला वाटेल, आश्रित आहे, गप्प राहील. छे! अंडं घातलेलं पुडिंग खाणार नाही म्हणजे नाही. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत? सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांना यात रमाबाईंचा गर्व दिसायचा. रमाबाई उलट लिहायच्या: मला जे पटलेलं नाही ते पटलं म्हणून मी सांगणार नाही, माझी सदसद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हाती दिलेली नाही. ज्यांच्या घरात राहतोय, ज्यांचं अन्न खातोय, त्यांना हे सांगायचं! आपल्याला मॅनेजरला ‘शनिवारी जमणार नाही’ सांगताना पोटात गोळा येतो.

पण मला त्याहून मोठी वाटली ती १९०७ मधली गोष्ट. ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ या छोट्या पुस्तकात त्यांनी लिहून टाकलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त नव्हता. हॅस्लॅम नावाच्या एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांना हे जाणवलं. तो गृहस्थ वर्षानुवर्षं प्रवचन देत होता आणि एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनात मध्येच बदलून गेला होता. रमाबाईंनी तोवर १८८९ मध्ये शारदा सदन काढलं होतं, परदेशातून देणग्या येत होत्या, त्यांच्या धर्मांतरावरून पुण्यात वर्तमानपत्रं पेटली होती. अशा बाईनं ‘मला तेव्हा हे सापडलंच नव्हतं’ म्हणायचं म्हणजे दोन्ही बाजूंना कोलीत. तरी म्हणाल्या.

आणि १९०५. त्या जूनमध्ये मुक्ती सदनात मुली प्रार्थनेला बसल्या आणि रडायला लागल्या. एकेक नाही, शेकडो, एकाच वेळी, मोठमोठ्यानं, आपापल्या मनातलं देवाला सांगत. हे दिवसेंदिवस चाललं. चर्चच्या इतिहासात याला संजीवन म्हणतात, जगभरातल्या पेंटेकॉस्टल चळवळीच्या सुरुवातीच्या घटनांमध्ये त्याची नोंद होते, आणि त्या गोंगाटावर टीकाही झाली. धर्मशास्त्र बाजूला ठेवून मला त्यात वेगळंच दिसतं. त्या मुली कोण होत्या? बालविधवा, दुष्काळातून उचलून आणलेल्या, आईबाप डोळ्यांसमोर गेलेल्या. सासरी रडलं तर अपशकुन, माहेरी रडलं तर ओझं. ‘गप बस’ न म्हणणारी जागा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती. रमाबाईंनी त्यांना गप्प केलं नाही. स्वतः दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेली बाई कशी गप्प करेल?

पुढे त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, साध्यातल्या साध्या मराठीत. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये जिला ‘सरस्वती’ म्हटलं, तिनं देवासाठी संस्कृत शब्द टाळायचे ठरवले, कारण गावातल्या बाईला कळलं पाहिजे. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. केडगावपासून तासाभरावर बसलेले आमचे बाबा मात्र अजून ‘परमदयाळू, कृपाळू’!

तसं पाहिलं तर देवाशी भांडण ही आपल्या मातीतलीच गोष्ट. तुकोबांची पालखी दर आषाढात दौंड तालुक्यातून जाते, यवत, वरवंडला मुक्काम करते. तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले, जनाबाई किती बोलली, ते सगळ्यांना पाठ. रेव्हरंड टिळकही तुकोबांच्या वाटेनंच ख्रिस्तापर्यंत आलो म्हणायचे. मग ही रोखठोक भाषा आमच्या बैठकीच्या खोल्यांमधून गेली कुठे? माझा अंदाज सांगते. आपण संख्येनं थोडे, शेजारीपाजारी बघतायत, तेव्हा आपला देव नापास झाला असं दिसता कामा नये. देवाची अब्रू राखायची जबाबदारी आपण अंगावर घेतली.

बरं, पुण्यात याच्या अगदी उलटही चालतं. तरुणांच्या काही फेलोशिपमध्ये दिवे मंद, गिटार, आणि ‘मन मोकळं करा’ सेशन. सुरुवातीला मला आवडलं. मग लक्षात आलं की तिथेही रडण्याचा एक फॉरमॅट आहे. शिवाय तिथे सांगितलेलं आठवड्याभरात प्रार्थना-विनंतीच्या रूपानं गावभर होतं. ‘त्या दोघांसाठी प्रार्थना करा हं, जरा बिनसलंय.’ याला गॉसिप म्हणत नाहीत, याला काळजी म्हणतात! येशूनं खोलीत जा, दार लाव, मग प्रार्थना कर असं सांगितलं, ते उगाच नाही. फक्त टू बीएचकेत सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्यांनी कुठलं दार लावायचं हे तो सांगून गेला नाही.

माझं दार म्हणजे हेल्मेट. मगरपट्ट्याच्या सिग्नलला काच खाली केली की मी बोलते. हल्ली सगळेच ब्लूटूथवर बोलत असतात, त्यामुळे कुणाला वेड लागलंय वाटत नाही.

काय बोलते? लग्नाला सहा वर्षं झाली, आम्हाला मूल नाही. त्यामुळे शिरूरला गेलं की माझ्यासाठी प्रार्थना ठरलेली. मला मध्ये बसवतात, डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, प्रभू, हन्नाला दिलंस तसं हिला दे. हन्ना म्हणजे शमुवेलाची आई. मंदिरात ती इतकी तळमळून, आवाज न करता, नुसते ओठ हलवत प्रार्थना करत होती की एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय. खरी प्रार्थना समोर चालली असताना धर्मगुरूलाच ओळखता आली नाही, हे मला त्या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटतं. पण माझी अडचण वेगळी आहे. डोक्यावर पाच हात असताना मी ‘आमेन’ म्हणते, आणि सिग्नलला हेल्मेटच्या आत म्हणते: देवा, मला मूल हवंय की नाही तेच मला माहीत नाही. हन्नाला माहीत होतं. मला नाही. आणि नकोच असेल, तर तू काय म्हणशील?

उत्तर आलेलं नाही. साठ सेकंदांचा सिग्नल असतो. पण एक फरक पडलाय, आता मला प्रार्थनेनंतर घसा कोरडा पडल्यासारखं वाटत नाही.

हे मी एकदाच एका माणसाला सांगितलं, आत्याला. दौंडला तिच्या गॅलरीत, मटार सोलताना. मला वाटलं, गोंधळेल, किंवा ‘असं नसतं गं, सगळ्या बायकांना हवं असतं’ म्हणेल. तिनं शेंग सोलली, दाणे भांड्यात टाकले. “मग तसंच सांग त्याला,” म्हणाली. “आणि शिरूरच्या लोकांना सांगायची गरज नाही.”

मी विचारलं, “तुझं काय? राग गेला?”

“थोडा गेला. थोडा आहे.” तिनं पुढची शेंग उचलली. “रोज रात्री बोलते. कधी नुसतीच बसते. हे असताना नव्हतं का आमचं असं? भांडून दोन-दोन दिवस अबोला असायचा, तरी डबा मी भरून द्यायचेच.”

गेल्या नाताळात तिच्या घरी पुन्हा घरप्रार्थना झाली. यावेळी गोलात तिचा नंबर लवकर आला. तिनं शेजारच्या मुलाच्या रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मागितलं, गुडघेदुखीसाठी मागितलं, पुरणपोळ्या चांगल्या झाल्या म्हणून आभारही मानले. मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाली, “आणि देवा, आपलं ते राहिलंय. विसरले नाही मी. आमेन.”

यावेळी गाणं सुरू करायची घाई कुणी केली नाही. स्वयंपाकघरातल्या त्या बाईंचा नंबर तिच्यानंतरच होता. त्यांनी नेहमीसारखं ‘हे परमदयाळू’ असं सुरू केलं, थबकल्या, आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.